अंतर शून्य

तार्तूत जानेवारीत दुपारीच दिवस मिटतो.
एमायोगी नदी गोठून पांढरी पडली आहे
आणि इस्पितळाच्या तळघरात, सर्व्हरच्या उबेला बसून
मी एक झाड आडवं करतो आहे.

झाड म्हणजे आमची नामसूची.
मुळाशी इस्पितळ, मग विभाग, मग वॉर्ड,
आणि टोकाला एकेक पान: नाव, फोन, खोली,
कुणाला कुठलं दार उघडतं, कुठलं नाही.
एकोणीस वर्षं ते एकाच यंत्रावर उभं होतं,
आता त्याचा पंखा रात्रभर कण्हतो.
साहेब म्हणाले, "टाउनो, डेटाबेस आहेच ना आपला?
त्यात घालून टाक."

घालून टाक म्हणे.
तक्त्याला वर-खाली कळत नाही.
तिथे सगळ्यांची एकच पंगत,
हृदयाचे सर्जन आणि भांडी विसळणारी मिल्वी
मांडीला मांडी लावून, ओळीशेजारी ओळ.
मी प्रत्येक ओळीला एक रकाना जास्तीचा दिला:
तुझ्या वरचं कोण?
एवढ्यावर झाड उभं राहील असं मला वाटलं होतं.

राहिलंही. फक्त दमत होतं.
दारं, प्रिंटर, टपाल, सगळी अजून झाडाचीच भाषा बोलतात:
"या फांदीखालचे सगळे सांग."
मग मी खालून एकेकाला विचारत चढायचो,
तुझ्या वरचं कोण, त्याच्या वरचं कोण,
आणि शस्त्रक्रियेच्या दाराशी एक परिचारिका
हातात ट्रे धरून अकरा सेकंद ताटकळली.
अकरा. तिने मोजले होते. वर येऊन सांगितले.

म्हणून मी दुसरा तक्ता मांडला.
त्यात प्रत्येकाचे सगळे पूर्वज आधीच लिहून ठेवले,
बापापाशी अंतर एक, आज्यापाशी दोन,
आणि सगळ्यात आधी, न चुकता,
स्वतःपासून स्वतःपर्यंत, अंतर शून्य.
ही ओळ मी आधी गाळली होती. वेडगळ वाटली.
पण तिच्याशिवाय माणूस
स्वतःच्याच फांदीवर सापडत नाही.

अडलो तो हेल्वेपाशी.
हेल्वे ओयासो, सुईण. अर्धं आयुष्य प्रसूतीच्या खोल्यांत,
उरलेलं मुलांच्या वॉर्डात.
जुन्या झाडाने तिला एकाच फांदीला टांगलं होतं,
त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस
ती कागदोपत्री कुठेच नसायची.
पंगतीत मात्र ती दोन ठिकाणी बसू शकते.
हे तिला सांगायचं राहिलं. नोव्हेंबरात गेली.

वरून यादी आली: गेलेल्यांच्या नोंदी काढा.
मी आज्ञा दिली. डेटाबेस म्हणाला, नाही.
चौतीस ओळी हिच्यावर टेकल्या आहेत.
पाहिलं, तर चौतीस सुईणी,
"शिकवणारी" या रकान्यात सगळ्यांचं बोट तिच्याकडे.
एक शब्द जास्तीचा लिहिला असता
तर तिच्यामागून त्याही गेल्या असत्या,
एकीच्या धक्क्याने सगळी रांग.
तो शब्द मला येतो. टंकलाही होता.

चौतीस जणींनी तिचं नाव काढलं आहे,
म्हणून मला ते काढता येत नाही.

शेवटी एक तारीख घातली, इथवर.
आता तिच्या नावाने एकही दार उघडत नाही,
पण कुणी विचारलं, तुझ्या वरचं कोण,
तर वाट अजून तिच्यातूनच जाते.

पहाटे चारला जुनं यंत्र बंद केलं.
पंखा थांबल्यावर कळलं, तळघराला स्वतःचा
असा काही आवाज नव्हताच.

सकाळी मिल्वी आली, हात ओले,
पडद्यावर स्वतःची ओळ बोटाने शोधत.
"माझा फोन चुकलाय. शेवटी चार आहे, सात नाही."
मी जुनी नोंद काढून बघितली. तिथेही सात.
एकोणीस वर्षं? मी विचारलं.
ती म्हणाली, कुणी करतच नव्हतं.